दुर्गाबाईंचा भोंगा

मांजरीच्या पुढे, ऊस संपून काचेच्या इमारती सुरू होतात तिथे बोरटेक नावाची बुटकी टेकडी आहे. २००८ च्या ऑक्टोबरात पहिल्या सकाळी मी तिथे मोजलं ते असं: तारेच्या कुंपणात माणूस आरामात जाईल अशी सहा भगदाडं. 'मयूर राखीव क्षेत्र' लिहिलेल्या तीन पाट्या, त्यातल्या एकीवर मोराच्या चित्रावर बंगल्यांच्या प्लॉटची जाहिरात चिकटवलेली. सिमेंटचा एक पाणवठा. चौकीबाहेर एक खुर्ची आणि खुर्चीत वनमजूर दत्तोबा. मोर एकही नाही.

"उद्या येत्याल," दत्तोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही शून्य.

मी नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. वनखात्याने मला मोजणीपुरतं तीन दिवस घेतलं होतं. तिसऱ्या सकाळी खात्याचे पेंडसेसाहेब स्वतः शहरातून येणार होते. मोर-लांडोरी मिळून दहापेक्षा कमी दिसले तर राखीव क्षेत्र रद्द करायची शिफारस जाणार होती. मग चौकी जाणार आणि चौकीबरोबर दत्तोबांची नोकरी. ती नोकरी एकोणीस वर्षं तात्पुरती होती.

"मोर हायत, मॅडम. ही बघा विष्ठा. ताजी हाय."

विष्ठा खरंच ताजी होती. पण मोजायचे होते मोर.

विचित्र गोष्ट अशी की मोजणीसाठी सगळ्यांनी जीव टाकला होता. वस्तीवरची कुत्री बांधून ठेवली होती. काचेच्या इमारतीच्या वॉचमनने गाड्या मागे घेताना शिट्टी वाजवणं बंद केलं होतं. आणि कुंपणाला लागून असलेल्या भुईमुगाच्या शेतातला भोंगा दुर्गाबाईंनी दोन दिवस लावलाच नव्हता. दुर्गाबाई म्हणजे दत्तोबांच्या पत्नी. नवऱ्याने मोर सांभाळायचे आणि बायकोने हाकलायचे, अशी त्या घरात कामाची वाटणी होती.

दुपारी त्या चहा घेऊन आल्या.

"आलं का तुमचं सरकारी पाहुणं?"

"नाही ना," मी म्हणाले.

"एरवी माझी शेंग खाऊन ढेकर देत्यात. मोजायला माणूस आला की लाजत्यात."

"मोर नसले तर तुमचं बरंच की. शेंगा वाचतील."

"शेंगा वाचत्याल, आन् ह्यास्नी दिवसभर घरात कोण बघंल? शिवाय मोर सकाळी येतो, संध्याकाळी जातो. बिल्डर आला की जात न्हाई."

दत्तोबांनी चहा बशीत ओतला.

मी भोंग्याबद्दल विचारलं. दुर्गाबाईंच्या बहिणीचा मुलगा बद्रीनाथ हडपसरला कॉल सेंटरमध्ये होता. त्याने मावशीचा आवाज रेकॉर्ड करून बॅटरीवरच्या भोंग्याला जोडून दिला होता. दर दोन मिनिटांनी मावशी ओरडे.

"कधी लावता तुम्ही तो?"

"मी जेवायला घरी जाते तवा. आन् बाजारला जाते तवा."

"आणि तुम्ही शेतात असताना?"

"मी सोता असल्यावर भोंगा कशाला? काठी हाय की."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे भोंगा सुरू असला की शेतात कोणी नसतं. आणि शांत असलं की तुम्ही काठी घेऊन बसलेल्या असता."

"मग?"

"मोरांना हे कळलंय. दोन दिवस शेत शांत आहे. त्यांच्या हिशेबाने तुम्ही दोन दिवस काठी घेऊन बसला आहात."

दुर्गाबाईंनी जाळीकडे, म्हणजे बोराटीच्या दाट झुडपांकडे, पाहिलं. "मेली हुशार हायत," त्या म्हणाल्या. आवाजात माहेरच्या माणसाबद्दल बोलताना येतो तसा अभिमान होता.

उपाय सोपा होता: उद्या भोंगा लावायचा. जाळी आणि शेत यांच्यामध्ये राखीव क्षेत्रातलाच एक मोकळा पट्टा होता. तो ओलांडताना मोर मोजता आले असते. पण दत्तोबांचा चेहरा पडला.

"साहेबांपुढं न्हाई लावता यायचा."

"का?"

उत्तर द्यायला त्यांनी भोंगा एकदाच वाजवून दाखवला. बद्रीनाथने आवाज फार स्वच्छ केला होता.

"हाड्! हाड् मेल्यांनो! तुमच्या बापानं पेरलंय का? अवो, तुम्ही बघत काय बसलाय? हाणा की दगड!"

"शेवटचं मला हाय," दत्तोबा म्हणाले. "राष्ट्रीय पक्षी हाय, मॅडम. वनखात्याचा माणूस त्याला दगड मारतो असं ऐकलं तर नोकरी तिथंच जाईल. मोर न्हाई आलं तर निदान महिनाअखेरपर्यंत तरी टिकंल."

"एक तरी दगड मारलात का कधी?" दुर्गाबाई म्हणाल्या. "एक तरी?"

"तेवढं वाक्य काढून नवीन रेकॉर्ड करू का?" दत्तोबांनी मला विचारलं.

मला नाही म्हणावं लागलं. मोर आवाज ओळखतात की शब्द, हे माहीत नव्हतं आणि एका वेळी दोन गोष्टी बदलता येत नाहीत. दत्तोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विज्ञान मीच शोधून काढलं होतं.

तिसऱ्या सकाळी पेंडसेसाहेब थर्मास आणि दुर्बीण घेऊन आले. सहा ते नऊ आम्ही शांत बसलो. शेवटी त्यांनी दुर्बीण पुसून पिशवीत ठेवली.

"मोर रजेवर आहेत का? अर्ज तरी द्यायचा."

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. दत्तोबा उठले. टोपी काढली आणि शेताच्या दिशेने दोनदा हलवली. दुर्गाबाईंनी बटण दाबलं, काठी खांद्यावर टाकली आणि कोणालाही दिसेल अशा ऐटीत घरी निघून गेल्या.

"हाड् मेल्यांनो!" टेकडी दणाणली. "...हाणा की दगड!"

साहेब वळले. "हे कोणाला?"

"मला, साहेब."

"आणि या कोण?"

"आमची मंडळी."

"तुम्ही पगार कोणाचा घेता?"

दत्तोबांनी टोपी घातली, परत काढली. "तुमचा, साहेब. पर ऐकावं लागतं तिचं. मारत मात्र न्हाई."

साहेब आणखी काही बोलणार, तेवढ्यात जाळीतून एक निळी मान बाहेर आली. मागून दुसरी. मग लांडोरींची रांग, घाई नसलेली, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी.

"पिसारे कुठे आहेत?" पिशवीतून दुर्बीण काढून डोळ्यांना लावत साहेब कुजबुजले.

"या दिवसांत झडलेले असतात, सर."

भोंगा दोन मिनिटं गप्प झाला. पट्ट्यात आलेली लांडोर थबकली. मान वर करून शेताकडे पाहू लागली. एक पाय तिने मागे घेतला.

"अहो दत्तोबा," साहेबांनी डोळ्यांवरची दुर्बीण न हलवता त्यांची बाही ओढली, "बंद पडलं का ते? मंडळींना बोलवा!"

"ती आली तर समदं पळत्याल, साहेब. थांबा जरा."

"हाड्! हाड् मेल्यांनो!"

लांडोर चालू लागली.

"आवाज वाढवता येतो का हा?" साहेबांनी विचारलं.

मी पट्टा ओलांडणारा प्रत्येक पक्षी एकदाच मोजला. परत आलेले धरले नाहीत. साहेबांनी वेगळे मोजले आणि दोघांचा आकडा जुळल्यावर खाली सही केली. भोंगा बंद, तीन तास: शून्य. भोंगा सुरू, चाळीस मिनिटं: मोर पाच, लांडोरी बारा, एकूण सतरा.