झाडांची रात्र

आयर्लंडमधल्या मलिंगार गावाबाहेर, टायरच्या गोदामाला लागून आमचं युनिट आहे. दारावर पाटी नाही. आत परवान्यानं औषधी गांजा वाढतो. वीज रात्री स्वस्त मिळते, म्हणून आमच्या झाडांचा दिवस रात्री असतो आणि त्यांची रात्र आपल्या दुपारी. जेवण झालं की मी डोक्याला हिरवा दिवा बांधून त्या काळोखात शिरते. तेवढा हिरवा उजेड झाडांना जवळजवळ जाणवत नाही.

माझी पीएचडी शेवंतीवर आहे. शेवंती आणि गांजा एका बाबतीत सारखे: दिवस लहान झाला की फुलतात. खरं तर दोघंही दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात, आणि ती सलग लागते. सलीलला, माझ्या नवऱ्याला, इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून मी इकडे आले आणि काही वर्षं नुसती घरात बसले. मग इथल्या मराठी मंडळातल्या राजाभाऊंनी हे युनिट काढलं आणि मला बोलावलं. तेव्हा फुलोऱ्याच्या खोलीचं वेळापत्रक पुस्तकी होतं, अर्धा दिवस उजेड आणि अर्धा अंधार. मी ते बदललं. कळ्या धरल्यावर उजेड हळूहळू कमी करत नेला, शरदातल्या संध्याकाळी लवकर येऊ लागतात तसा. कितीतरी खेपा फुकट गेल्या. पण शेवटी वीजही वाचली आणि फुलं घट्ट, एकसारखी आली.

यशोधन आमचा मॅनेजर. यंदा गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये त्याला माइकवर बोलावलं, तेव्हा तो 'माझं वेळापत्रक' म्हणाला, आणि म्हणतच राहिला. माझ्याच स्लाइड्स, माझीच वाक्यं. मी मागे द्रोणांत खिरापत भरत होते. राजाभाऊंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या.

सोमवारी मी त्याला विचारलं. तो हसला. "अगं कौमुदी, टीमचंच काम ना? कोण लक्षात ठेवतंय नावं? सगळं ग्रँड आहे." इथे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात.

त्या दिवसापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणू लागले. त्याला तो मान वाटला.

नवरात्रात राजाभाऊंच्या पत्नी, सुलक्षणावहिनी, युनिटमध्ये घट बसवतात. रिसेप्शनच्या मागे एक मोठं प्रेस आहे, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्याच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्यात. आगीच्या अलार्ममुळे तेलाचा दिवा चालत नाही, म्हणून बाहेर बॅटरीवरचा ठेवतात. यंदा यशोधनला आणखी सुचलं. आपली लक्ष्मी फुलोऱ्याच्या खोलीत आहे, अखंड दिवा तिथेही हवा, असं तो वहिनींसमोर म्हणाला. वहिनींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तो दिवा घेऊन आला आणि सोबत लाल दिव्यांचं तोरणही.

मी खोलीच्या दाराशी उभी होते. त्याला काय पाठ आहे ते मला माहीत होतं. 'रात्र सलग हवी' हे वाक्य त्यानं माइकवर म्हटलं होतं, त्यावर जरा थांबलाही होता. मी त्याला ते आठवायला पुरेसा वेळ दिला.

"दिवा ठेवायचा की नाही," मी म्हटलं, "हे वेळापत्रक ज्याचं आहे, त्यानं ठरवायचं."

"माझंच आहे," तो शिडीवरून म्हणाला. "धर गं जरा हे टोक."

मी टोक धरलं.

लाल उजेड झाडाला रात्रीत सगळ्यात जास्त जागवतो. रोज दुपारी मी आत जायचे तेव्हा ते तोरण कळ्यांवर शांतपणे तेवत असायचं. चौथ्या माळेला माझा हात बटणापर्यंत गेला. ही झाडं मीच वाढवली होती. पण ही खेप रुग्णांसाठी नव्हती, मोठ्या परवान्यासाठी अधिकाऱ्यांना दाखवायची होती. हे मी आधीच बघून ठेवलं होतं. मला ती शाल आठवली. मी हात खिशात घातला आणि तापमान बघून बाहेर आले.

दसऱ्याला वहिनींनी घटातले अंकुर माझ्या केसांत खोवले. पिवळेधमक, लांब. अंधारात ठेवले म्हणून असे आले, त्या म्हणाल्या. हो, मी म्हटलं, अंधार चांगला मिळाला.

रात्र तुटत राहिली की मादी झाडंही बिथरून नराची फुलं काढतात. पुढच्या काही दिवसांतच त्यांच्या फुलांतून नराचे पिवळे परागकोश डोकावू लागले. मग बी धरलं. बी धरलेला फुलोरा औषधाला चालत नाही. अधिकाऱ्यांची भेट रद्द करावी लागली.

राजाभाऊंनी आम्हा दोघांना त्या खोलीत बोलावलं. सगळे दिवे लावलेले होते. त्यांनी एक फूल चिमटीत चुरडलं, आतलं हिरवं बी तळहातावर घेतलं आणि हे कशामुळे झालं म्हणून विचारलं.

यशोधननं वर तोरणाकडे पाहिलं नाही. "वेळापत्रकातच गडबड असणार," तो म्हणाला. "ते मुळात कौमुदीचं आहे. मी फक्त मांडलं."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते वाक्य असं आलं.

"हे दिवाळीच्या कार्यक्रमात माइकवर सांगाल?" मी विचारलं.

राजाभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे.

"माझ्या वेळापत्रकात रात्री दिवा नाही," मी म्हटलं. "ज्यात दिवा आहे ते यांचं. आता यातलं कुठलं कुणाचं, ते यांनीच सांगावं."

राजाभाऊंनी वर पाहिलं. त्यांची नजर तोरणावर थांबली. "तुला माहीत होतं," ते मला म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"मला शेवंतीचं माहीत होतं. या खोलीचे तज्ज्ञ हे आहेत. शाल तुम्हीच दिलीत."

त्यांनी तळहातावरचं बी यशोधनच्या हातात ठेवलं. दिवाळीत माइकवर जे खरं आहे ते बोलायचं, आणि त्याआधी ही सगळी झाडं स्वतः कापायची, एवढं सांगून ते गेले.

यशोधननं कोट काढला. मी त्याला कात्री आणून दिली, शिडीही लावून दिली. आधी तोरण काढावं लागणार होतं.

"कौमुदी, एक टोक धरतेस?"

"तुम्ही काढा," मी म्हटलं, आणि भिंतीला टेकून बघत उभी राहिले.