पंधराची थर्ड शिफ्ट

आमच्या ह्यांना पैसे वाचवायचा नाद आहे आणि वीस वर्षं मी तो नाद कौतुकानं मिरवला, हे आधीच कबूल करते. दौंडच्या आमच्या गल्लीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, लोक म्हणायचे, खंडूभाऊंना विचारा. हे कुरकुंभला औषधाच्या कंपनीत ऑपरेटर आहेत. शिफ्ट सुटली की चहाबरोबर ह्यांना कुठे काय स्वस्त आहे ते बघायला लागतं.

त्यामुळे आमच्या भाग्यश्रीला मेडिकलला सीट मिळाली, तीही आगरतळ्याला, तेव्हा ह्यांना दोनदा आनंद झाला. एकदा मुलगी डॉक्टर होणार म्हणून आणि दुसऱ्यांदा विमानाचं तिकीट काढायला मिळणार म्हणून. आगरतळा आम्ही नकाशात शोधलं. त्रिपुरात, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सोळा सप्टेंबरला संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर सीट पुढच्या नंबरला जाणार. पोरीनं दोनदा परीक्षा दिली होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, तेव्हा महिनाभर ती घरात कुणाशी नीट बोलली नव्हती. फिटनेस सर्टिफिकेट चौदाला मिळणार होतं, म्हणून रेल्वे बाद झाली.

आठ दिवस हे फोनला चिकटून होते. मंगळवारी दुपारी भाव उतरतात म्हणे. सारखं बघितलं की साईटला कळतं आणि ती भाव वाढवते, म्हणून कधी माझ्या फोनवरून बघायचं, कधी शेजारच्या. शेवटी एक दिवस जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले, "घावलं. पंधरा तारीख, रात्री बारा पन्नास. दिवसाच्या इमानाच्या निम्म्यात. आन् पंधराची फर्स्ट शिफ्ट बी करून जाता येतंय, एक रजा वाचली."

पोरीबरोबर हेही जाणार होते. विमानात ते कधी बसले नव्हते. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत असं त्यावर लिहिलं होतं, पण परत कशाला मागायचेत, म्हणून हे हसले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधराच्या चौकोनात खाली 'विमान' लिहिलं. शेजारी ह्यांच्या शिफ्टचे आकडे होतेच.

पंधराला सकाळी मी आणि भाग्यश्री एसटीनं शिरूरला माझ्या भावाकडे गेलो. सुमित पंचायत समितीत क्लार्क आहे, त्याच्याकडे गाडी आहे. त्याच्या गाडीनं विमानतळावर गेलं की टॅक्सीचे पैसे वाचणार, हाही ह्यांचाच हिशेब. तीनला शिफ्ट सुटल्यावर हे मोटारसायकलनं आले, तेव्हा पाच वाजून गेले होते. सुमितच्या बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या. सुमित म्हणाला, "दाजी, तिकीट द्या, चेक-इन करून ठेवतो."

त्यानं बराच वेळ फोन बघितला. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, "दाजी, हे इमान तर गेलं."

"आरं, रात्रीचं हाय त्ये. बारा पन्नास."

"पंधराचे बारा पन्नास म्हंजी काल रात्रीचे. चौदाची रात्र संपली का पंधरा लागती. सोळा तास झाले त्याला जाऊन."

ह्यांनी फोन हातात घेतला आणि नुसते बघत राहिले. कुणाला हे खोटं वाटेल, पण आमच्या घरात रात्रीची तारीख बदलत नाही. पंधराची थर्ड म्हणजे पंधराला रात्री अकराला कार्ड पंच करायचं आणि सोळाच्या सकाळी सातला सुटायचं, पण ती रात्र सगळी पंधराचीच. हजेरी पंधराची, पगार पंधराचा. वीस वर्षं मी त्याच हिशेबानं डबे भरले, पाव्हण्यांना बोलावलं, पोरीचे वाढदिवससुद्धा केले. विमान पुण्यातून उडालं तेव्हा मी दौंडला ह्यांच्या नव्या शर्टाला इस्त्री करत होते. हे झोपले होते आणि सकाळी कंपनीत फोन गेटवर जमा होता. विमान कंपनीचे दोन मेसेज आलेले होते, ते ह्यांनी जाहिरात समजून सोडून दिले होते.

भाग्यश्री ताटावरून उठली. रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. "मामा, आज अजून कुठलं आहे का बघा," ती म्हणाली.

सुमितनं शोधलं. रात्री नऊ चाळीसचं कोलकात्याचं होतं, तिथून सकाळी आगरतळा. दोन सीट होत्या. पैसे इतके, की हॉस्टेलसाठी बाजूला ठेवलेले सगळे जाणार होते. काढ म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. दोनदा बघितलंस नव्हं त्या फोनवरून, म्हणून चढवलाय भाव. राजश्री, तुझा फोन दे. माझ्या कार्डावर डिस्काउंट बी हाय."

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. वीस वर्षांची सवय, मी दिला. ह्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नावं, आधार, कार्डाचा नंबर. ओटीपी येईना. आला तोवर वेळ संपली होती. पुन्हा उघडलं तर भाव तसाच होता, पण खाली लिहिलं होतं, एक सीट शिल्लक.

"माझं एकटीचं काढा," भाग्यश्री म्हणाली.

पुण्याच्या पुढे ती कधी एकटी गेली नव्हती. हे "अजून एकदा बघतो" म्हणायला लागले, तेव्हा मी त्यांच्या हातातून फोन हिसकावला आणि सुमितकडे दिला. दोन मिनिटांत तिकीट निघालं.

गाडीत मी ह्यांना सोडलं नाही. कोरेगाव भीमाच्या पुढे वढूच्या फाट्याला ट्रकांची रांग लागली आणि घड्याळात सात वाजले, तेव्हा तर मी जिभेला हाडच ठेवलं नाही. चार पैशांपायी पोरीच्या आयुष्याची माती केलीत, असं मी म्हटलं. पोरीसमोर म्हटलं. हे पुढच्या सीटवर मान खाली घालून बसले होते.

विमानतळाच्या दाराशी सव्वाआठला पोचलो. बॅग दोघांत एकच होती, वाण्याच्या काट्यावर पंधरा किलो मोजून भरलेली. भाग्यश्रीनं ती तिथेच फरशीवर उघडली आणि ह्यांचे कपडे बाजूला काढले. नवा शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. ह्यांनी ते कॅरीबॅगेत भरून घेतलं. "पप्पा, जाते," म्हणून ती पाया पडली, तेव्हा ह्यांना फक्त "फोन चार्ज ठेव" एवढंच म्हणता आलं. दाराच्या आत आम्हाला सोडत नव्हते. काचेतून ती दिसेनाशी झाली तरी हे कॅरीबॅग धरून उभे होते.

आम्ही रात्रीच दौंडला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कोलकात्याहून मेसेज आला. विमान लेट आहे. मग पुन्हा, अजून लेट. ह्यांनी सोळाची रजा टाकलेली होती, तरी दुपारी तीनच्या सेकंड शिफ्टला गेले. म्हणाले, घरात बसलो तर येडा होईन. तीन दहाला ती आगरतळ्याला उतरली. चारला फोन आला, "मम्मी, लाइनीत आहे. पुढं चौदा जण आहेत, आणि पाचला खिडकी बंद होणार." मग फोन लागेना.

मला घर खायला उठलं. रिक्षा करून मी कुरकुंभला कंपनीच्या गेटवर गेले आणि वॉचमनच्या केबिनशेजारी उभी राहिले. आत रॅकमध्ये कामगारांचे फोन ओळीनं ठेवलेले दिसत होते. त्यातला ह्यांचा एकदा वाजला आणि थांबला. चार अठ्ठेचाळीस झाले होते. मग माझा वाजला.

"मम्मी, झालं. सही झाली."

मी वॉचमनला हातानंच ह्यांना बोलवायला सांगितलं. हे हेल्मेट घातलेलेच बाहेर आले, माझा चेहरा बघितला आणि तिथेच फुटपाथच्या कडेला खाली बसले. त्यांना वाटलं, गेली सीट.

"मिळालं ॲडमिशन," मी म्हटलं. "सही झाली."

हे रडले. गेटवर, सगळ्यांसमोर. वॉचमन दुसरीकडे बघायला लागला. हे बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "दिवाळीला येईल नव्हं ती?"

"येईल की."

"आत्ताच काढलं तर स्वस्तात पडंल." मग उठले, रॅकमधून स्वतःचा फोन मागून घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "ह्या बारीला तू काढ. मला तारखंचं कळत न्हाई."

मी फोन घेतला. "कॅलेंडरवर 'विमान' मीच लिहिलं होतं वो," मी म्हटलं. "पंधराच्या खाली."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले आणि हेल्मेटचा पट्टा लावून आत गेले.