चीनच्या पत्राचा कोपरा

धाकट्या नातीचं, धनश्रीचं, बारसं झालं त्या २०२३ सालात शिरूर कासारच्या सटवानं चीनला पत्र धाडलं. उभा जन्म मेंढरामागं गेलेला, अक्षरं शिकला पासष्टाव्या वर्षी. तेव्हापासून दिसेल ते वाचायचा. खताची पोती, औषधाच्या बाटल्या, काही सुटायचं नाही. थोरली नात उज्ज्वला बीडच्या कॉलेजात होती. प्राध्यापक तोंग याफू यांचा एक लेख तिनं मराठीत आणला होता. तोही त्यानं चार दिवस बोट ठेवून वाचला.

तोंग म्हणजे जुन्या चिनी कवितेचे मोठे जाणकार. तरुणपणी शिकवत असतानाच सरकारनं त्यांना खेड्यात मेंढरं राखायला धाडलं. सहा वर्षांनी परतले आणि पुढं एकोणीस पुस्तकं लिहिली. पण लेखात रुखरुख होती एका कोकराची. आई मेलेल्या त्या कोकराला दुसरी मेंढी पाजेना, आणि ते त्यांच्या मांडीवरच दगावलं. 'पन्नास वर्षं झाली, माझं काय चुकलं ते अजून कळलं नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं.

सटवा ताडकन उठला. "आगं, कोकराच्या पाठीवर मीठ चोळायचं! मेंढी चाटती मग. आन् म्होरं कुत्रं उभं करायचं, का ती लगीच पिलाला पोटाशी घेती. येवढा शिकलेला मानूस, कुनीच सांगितलं न्हाई व्हय त्याला?"

"मंग तुमी सांगा," त्याची बायको सारजाबाई भाकरी थापत म्हणाली. "चीन काय, लिंबागणेशच्या पल्याडच हाय."

तिनं टोमणा मारला, यानं कागद घेतला. आठ दिवस खपून पत्र लिहिलं, उज्ज्वलानं इंग्रजी कागद जोडला.

मग वाट बघणं आलं. पारावरचा आप्पा रोज विचारायचा, "काय बे सटवा, चीनचा व्याही काय म्हनतो?"

सटवा हसायचा, मग हळूच म्हणायचा, "शहाऐंशीचा गडी हाय. कळायच्या आत गेला म्हंजी?"

पाच महिन्यांनी पोस्टमन अंगणातल्या बाजेवर पाकीट ठेवून गेला. सारजाबाई बाहेर आली आणि ओरडलीच. पाकिटाचा कोपरा फाटलेला! कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तिनं काठीनं उचलून कुंपणावर टाकलं.  सटवानं अंगावरच्या धोतरासकट नळाखाली जाऊन अंघोळ केली. पारावरून धावत आलेल्या आप्पानं टोपी काढली. सारजाबाईनं चूल विझवली.

उज्ज्वला दुपारच्या एसटीनं आली. तिनं पाकीट काढलं, फोडलं आणि खदखदून हसायलाच लागली.

"दादा, तोंग जिवंत हायत! आन् कोपरा कुनी खाल्ला, ते बघा तिकडं!"

बाजेजवळच्या दावणीचं कोकरू निवांत तोंड हलवत होतं. ओठाला चीनच्या तिकिटाचा लाल तुकडा चिकटलेला.

तिनं मराठी करत मोठ्यानं वाचलं: 'सटवाजी, मीठ आणि कुत्रं! मी घरभर हसत फिरलो. इतकी वर्षं वाटायचं, त्या मेंढीचा माझ्यावरच राग होता. आता नवा लेख लिहितो आहे, त्यात तुमचं नाव आहे. एकच विचारतो, कुत्रं नसेल तर?'

"न्हाई तर आपुन भुकायचं!" सटवा ओल्या धोतरात नाचत ओरडला आणि गुडघ्यावर बसून भुंकून दाखवू लागला. आप्पाही भुंकला. गल्लीतली खरी कुत्री गोळा झाली, कोकरू दावं तोडून पळालं.

"आधी धोतर बदला," सारजाबाई डोळे पुसत हसत होती. "तोंगराव जिते हायत, थंडीनं तुमीच जाताल!"

उत्तर त्याच दिवशी लिहिलं: आपण भुंकावं.

पुढं एकदा तोंगरावांच्या मुलीचं पत्र आलं. शेवटच्या महिन्यात बाबा भेटायला येणाऱ्यांना भुंकून दाखवायचे, असं तिनं लिहिलं होतं. त्या पाकिटाचे चारही कोपरे शाबूत होते. सटवानं त्यातला एक आपल्या हातानं फाडला.

प्राध्यापक तोंग याफू ९ नोव्हेंबर २०२४ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, बीजिंगमध्ये वारले.