बुर्साला राहिलेला उजवा

मी बूट बोलतोय. डाव्या पायाचा, एकटा. जोडीदार नसलेल्या बुटाला जगात काडीची किंमत नसते, हे मला कुणी सांगायला नको. तरी कतारमधल्या अल अझीझियाच्या एका फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटात, तळाच्या फळीवर मी अजून आहे. कारण हौसाबाई मला टाकू देत नाहीत.

आमचा जोड दोहाच्या मॉलमधला. बालाजीने आईसाठी, म्हणजे हौसाबाईंसाठी घेतला. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात टेक्निशियन. पहाटेच कंपनीच्या बसने जातो. सून शालू ऑफिसला. हौसाबाई औशाकडच्या, उभा जन्म चपलेत गेलेला. लुगड्याखाली बूट बघून स्वतःच हसल्या. पण मग रोज सकाळी आम्हाला घालून बागेला चक्कर मारू लागल्या. दिवसभराच्या बंद घरात तेवढीच त्यांना मोकळी हवा.

सुट्टीत तिघं तुर्कस्तानला गेली. बुर्सा नावाच्या शहरात एक दिवस मशिदी आणि बाजार बघायचे होते. थोरल्या मशिदीत बूट काढायची वेळ आली आणि हौसाबाईंनी गावच्या देवळात करतात तेच केलं. मला एका दाराच्या फळीवर ठेवलं, उजव्याला पार पलीकडच्या दाराशी. एकेकटा बूट कोण चोरणार? आत आल्यावर हे ऐकून शालूने कपाळाला हात लावला.

आत चक्क घुमटाखाली कारंजं होतं. हौसाबाई पदर सारखा करून पाण्याशी बसल्या, त्या उठेचनात.

निघताना मी लगेच सापडलो. उजवा नेमका कुठल्या दाराशी, ते बालाजी-शालूने बघितलं नव्हतं. दोघं दोन दारांकडे धावली. मला काखोटीला मारून हौसाबाई तिसऱ्या दाराशी गेल्या. तिथे फळीवर उजवा होता. मला दिसला. त्यांनाही दिसला. त्या थांबल्या, त्याच्याकडे नीट बघितलं आणि तशाच अनवाणी बाहेर पडल्या, सरळ बाजारात.

काय फिरल्या म्हणता! रेशमी रुमाल गालाला लावून बघितले. चिनाराखाली चहा पिणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. भाषा कुणाला येत होती? पण हसणं-खिदळणं चाललं होतं. मग निळ्या-हिरव्या फरश्यांची एक लहानशी मशीद बघितली. तिथे मी एकटाच फळीवर बसलो.

बालाजीला त्या सापडल्या तेव्हा टूरची गाडी हॉर्न वाजवून दमली होती. त्याचा चेहरा पांढराफटक.

“कुठं गेलतीस, आई?”

“बुटाला हुडकत होते.”

“एवढा वेळ? बाजारात?”

“कुठल्या दारी ठिवला, ध्यानातच येईना बाबा.”

खरं कसं सांगणार? बूट सापडला असता तर गाडी निघाली असती, मग विमान, आणि पुन्हा तेच बंद दार. लेक जीव लावतो, पण त्याच्या घरात जीव गुदमरतो, हे कुठली आई लेकाच्या तोंडावर म्हणेल?

गाडीच्या घाईत उजवा तिथेच राहिला. दोहाला आल्यावर बालाजीने हौसाबाईंकडची किल्ली काढून घेतली, जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागला. मायेपोटीच. शालूला म्हणाला, “आई विसरायला लागली. इथं हरवली तर कुठं शोधायचं?” सकाळची चक्कर बंद झाली. हौसाबाईंनी नवा जोड मागितला, तर म्हणाला, “घरातल्या घरात बूट कशाला?” एका खोट्याने म्हातारी अशी कोंडली गेली. मी कपाटात, त्या फ्लॅटमध्ये. दुपारी त्या कपाट उघडतात, मला मांडीवर घेऊन पुसतात. मला फार वाईट वाटतं.

असे किती महिने गेले, मला मोजता येत नाहीत. परवा बालाजी आईसमोर बसला. डॉक्टरांनी म्हणे काही प्रश्न विचारायला सांगितले होते.

“आई, आज वार कोणता?”

हौसाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. पडद्याआड रोजचंच ऊन होतं. मग हळूच म्हणाल्या, “तूच सांग की.”

मला वाटलं, पुन्हा सोंग. पण त्या लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सोंग नव्हतं ते. त्यांना वार खरंच माहीत नव्हता.

बालाजी, माझं ऐक रे. बुर्साला तुझ्या आईला सगळं आठवत होतं. विसरणं तिला या घरानं शिकवलं. मला हवं तर कचऱ्यात टाक, एकट्या बुटावाचून कुणाचं अडत नाही. पण तिला नवा जोड घे, किल्ली परत दे. आणि उद्या कामावर जाताना दार नुसतं लोटून जा.