पालखीच्या मापाचा रस्ता

महाड शहर सरकत सरकत आमच्या गावाकडे आलं आणि मधल्या आळीच्या तोंडाशी थांबलं. पुढे यायला आळीत जागाच नव्हती. तुडील, कापडे अशा आतल्या गावांचे लोक आजूबाजूला प्लॉट घेऊन बंगले बांधून राहिले, कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान निघालं, पिझ्झासुद्धा मिळू लागला. पाणी मात्र टँकरने येई. टँकर आळीत शिरत नसे. तो तोंडाशी उभा राही आणि आम्ही हंडे घेऊन त्याच्याकडे जात असू. आम्ही म्हणजे आमच्या बायका.

नळयोजना मंजूर होती. पाइपही दोन पावसाळ्यांपूर्वीच येऊन पडले होते. त्यांच्यावर मिरच्या वाळत, पापड वाळत, आणि एकात एका कुत्रीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं. अडचण रुंदीची होती. खाली पाइप, कडेला गटार, वर काँक्रीट, एवढं सगळं बसायला पंधरा फूट लागत होते. नकाशात तेवढे होते. जमिनीवर त्यातले निम्मे लोकांनी सांभाळायला घेतले होते.

पंचायतीची सदस्य शर्मिला आळीचीच सून. निवडणुकीत तिने एकच गोष्ट सांगितली होती, दारात नळ. आता मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर निधी परत जाणार होता. तसं झालंच, तर टँकरच्या रांगेत तिने कायम शेवटी उभं राहायचं, हे बायकांनी तिला प्रेमाने सांगून ठेवलं होतं.

मोजणीला ओम नावाचा तरुण इंजिनिअर आला. आमच्या आळीचा एक गुण आहे. टेप दिसली की ती अरुंद होते. पायरीला पायरी फुटते, लाकडाची रास पोट पुढे काढते, तुळस दोन पावलं चालत येते. सगळ्यात पुढे होती भागोजीतात्यांची नवी शेड. मुलगा साहिल मुंबईहून गणपतीत आणि मे महिन्यात गाडी घेऊन येई, म्हणून तात्यांनी दिवाळीत नटबोल्टची पत्र्याची शेड ठोकली होती. तेव्हापासून ती साहिलची वाट बघत उभी होती.

"तात्या, शेड रस्त्यात येते," ओम म्हणाला.

"रस्ता शेडमधी येतो," तात्या म्हणाले. "शेड आधी हाय."

ओमने टेप गुंडाळली. शर्मिला त्याला आळीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली.

"साहेब, आता टेप घेऊन येऊ नका. शिमग्याला जेवायला या."

"आणि रस्ता?"

"तोही येईल. जेवण झाल्यावर बघू."

शिमग्यात देवीची पालखी आळीतून नाचत जाते. तिची दांडी कुणाच्या घराला लागली तर त्या घराला वर्षभर नावं ठेवली जातात. म्हणून आदल्या दिवशी आळी आपणहून पोट आत घेते. रास मागे जाते, जादाची पायरी उचलली जाते, तुळस घरी परतते. मग बायका पालखीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी फक्कीची पांढरी रेघ ओढतात. यंदा शर्मिलाने फक्की स्वतः वाटली आणि घरोघर एवढंच म्हणाली, "पालखी मोकळी नाचली पाहिजे. रेघ कुठे ओढायची ते तुमचं तुम्ही बघा."

एवढं पुरलं. देवीला जागा देताना हात आखडला असं कोण म्हणवून घेणार? प्रत्येकीने शेजारणीपेक्षा वीतभर मागून रेघ ओढली. तात्यांच्या शकूकाकींनी तर शेडच्या खांबांमागून, थेट भिंतीला लागून ओढली.

"काकी, शेड वाटेतच राहिली," शर्मिला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गो. ती काय पानी भराया येते?"

दुसऱ्या दिवशी खालू बाजाच्या तालावर पालखी आली. पहिला खांदा मानकऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा. वाटेत ते पोरांवर ओरडत होते, "बाजूला व्हा रे, देवीची वाट मोकळी करा." असं ओरडत ओरडत ते स्वतःच्या शेडसमोर आले. दांडी आणि खांब समोरासमोर. पालखी मागे फिरत नाही आणि देवळाबाहेर खाली टेकत नाही. तात्या जागच्या जागी नाचत राहिले. सगळी आळी शेडकडे बघत होती, आणि शेड तात्यांकडे.

"पाना आना," तात्या पाय न थांबवता म्हणाले.

शकूकाकींनी पदराआडून पाना काढला.

"तुला गो कसा ठाव, लागंल म्हनून?"

"तुमीच म्हंता ना, देवी सांगते. मला बी सांगते कधीमधी."

पोरांनी नट सोडले, पत्रे भिंतीला टेकवले, खांब आडवे केले. तोवर बाजा वाजतच होता. मग पालखी अशी काही नाचली की आळीच्या टोकाची म्हातारी माणसंही ताल धरू लागली. ओम पुरणपोळी खाऊन उठला आणि दोन रेघांमधलं अंतर मोजत गेला. सगळीकडे पंधराच्या वरच भरलं. त्याने कागदावर लिहिलं, 'ग्रामस्थांनी स्वखुशीने जागा मोकळी केली.' वाक्य नेहमीचंच होतं, पण खरं असताना लिहायची त्याची पहिलीच वेळ.

सकाळी तात्या मुठीत नटबोल्ट घेऊन बाहेर आले. "ही रेघ काय पक्की हाय का?"

"पुसून बघा," शकूकाकी म्हणाल्या.

देवीच्या वाटेची रेघ मानकऱ्याने पुसायची म्हणजे जरा अवघड होतं. तात्यांनी नटबोल्ट खिशात टाकले. मार्च संपायच्या आत आळीत मशीन शिरलं. त्याआधी शर्मिलाने कुत्रीला आणि पिल्लांना मानाने दुसरीकडे नेलं.

मे महिन्यात साहिल आला. तात्यांनी त्याची गाडी आळीच्या तोंडाशीच अडवली.

"आत नाय आनायची. पालखीची वाट हाय."

"पप्पा, पालखी शिमग्यालाच असते ना? बाकी टाइम वाट खालीच तर असते."

"शेड बी खालीच असायची," तात्या म्हणाले. वाडवडिलांनी आळीचं प्लॅनिंग किती लांबचं बघून केलं होतं, हेही त्यांनी त्याला सांगितलं.

मागे टँकर हॉर्न देत उभा राहिला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. आळीत घरोघर नळ सुटलेले होते, कुणी हंडे भरत होतं, कुणी नुसतंच पाण्याखाली हात धरून बसलं होतं. काम झालं नसतं तर जिथे कायम उभं राहायचं होतं ती जागा बघायला शर्मिला मुद्दाम हंडा घेऊन टँकरच्या रांगेत शेवटी उभी राहायला गेली. रांगच नव्हती. तरी ती थोडा वेळ पहिली आणि शेवटची अशी दोन्हीकडून उभी राहिली, आणि रिकामा हंडा वाजवत घरी आली.