पॉकेटकाकांची विजार

मी एक विजार बोलतेय. आत्ताच हसू नका. हसणं शेवटी असतं, आमच्यात तशीच रीत होती.

चौकडीची, ढगळ, दोन माणसं आरामात मावतील एवढी मी. आता पेटीत घडी होऊन पडलेय, आणि खरं सांगू का, बोलायचाही कंटाळा येतो. पण कसर डाव्या गुडघ्यापर्यंत आलीय. ती कमरेला पोचली की माझं कोण सांगणार? म्हणून सांगून टाकते.

मला शिवलं विल्मानं. ती क्लीव्हलंडच्या एका थिएटरात नाचायची. लहान मुलांना न्यावं असं ते थिएटर नव्हतं. बायका नाचता नाचता हातमोजे काढायच्या, मग आणखीही बरंच काही काढायच्या. दोन नाचांच्या मधे पुरुषांना हसवायला विल्माचा नवरा, एमिल हॅव्लिक. तो तिथला सोंगाड्या.

घोड्याच्या जुन्या पांघरुणातून तिनं मला बेतलं. तोंडात टाचण्या, पायात नाचाचे बूट, आणि मांडीवर मी.

"अगं, एवढाले खिसे कशाला?" एमिल म्हणाला.

"तुझा संसार कुठे ठेवशील मग? घर आहे का आपल्याला?"

ते थट्टेत म्हणाली ती. पण खरंच होतं. आज हे गाव, उद्या ते गाव. माझ्या खिशांतून एमिल गजराचं घड्याळ काढायचा, सॉसेजची लांबच लांब माळ काढायचा, कॉफीची किटली काढायचा. माणसं हसून हसून खुर्चीतून घसरायची.

आणि शेवट ठरलेला. हशा अगदी वर चढला की एमिल उजव्या खिशावर थाप मारायचा. वर बसलेला दिवेवाला ओटो ती थाप ओळखायचा. थापेसरशी कमरेचा आकडा सुटायचा, मी खाली यायची, आणि मी जमिनीला टेकायच्या आत ओटो सगळे दिवे घालवायचा. काळोख! पुढचं लोक मनातच बघायचे. मला पुरती पडलेली कुणी म्हणजे कुणी पाहिली नव्हती.

थाप मारताना एमिल डोळे मिटून घ्यायचा. सगळेच सोंगाडे मिटायचे. आधीच डोळे मिटले की काळोखात वाट दिसते, नाहीतर माणूस पडद्यात अडकून नाक फोडून घेतो.

त्यांची लेक लिडा चालायला लागायच्या आधीच विल्मा न्यूमोनियानं गेली. एमिल पोरीला घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. बोझेना नाव तिचं. जिभेनं तिखट, पण पोरीला छातीशी धरलं ते सोडलंच नाही.

तो मधूनमधून भेटायला जायचा. मी पेटीत असायची, पण सगळं ऐकू यायचं.

"या गावची शाळा, त्या गावची शाळा. पोर आहे ती, सामान नाही," बोझेना म्हणायची. "एका गावात वर्षभर टिकून दाखव. मग ने खुशाल."

"या वर्षी बघ, ताई."

"गेल्या वर्षीही हेच तोंड होतं तुझं."

तो निघाला की लिडा दारात यायची आणि माझ्या पेटीवर बसायची, म्हणजे त्यानं ती उचलू नये म्हणून. हसवण्याचा धंदा करणाऱ्या त्या माणसाला तेव्हा एकही विनोद सुचायचा नाही.

पुढे लोक घरीच टेलिव्हिजनच्या पेटीतली चित्रं बघायला लागले. थिएटरं एकेक करून बंद पडली. टोलेडो गावच्या टेलिव्हिजन केंद्राला दुपारी मुलांपुढे उभा राहणारा माणूस हवा होता. दूधवाल्या कंपनीचा कार्यक्रम. एमिलनं आधीच्या थिएटराचं नाव नीट सांगितलं नाही आणि केंद्राच्या क्रँडलसाहेबांनी नीट विचारलं नाही.

तो झाला पॉकेटकाका. शाळा सुटून आलेली मुलं समोर बसायची, दुधाचे पेले हातात. माझ्या खिशातून आता सशाचं पिल्लू निघायचं. सॉसेजची माळ मात्र तीच. तीच थट्टा, फक्त धुऊन काढलेली. आकडा त्यानं स्वतः दोऱ्यानं घट्ट शिवून टाकला. "पॉकेटकाकाची विजार पडत नाही," मला म्हणाला.

वर्ष निघालं. बोझेना स्वतः लिडाला घेऊन आली. भाड्याच्या खोल्या बघितल्या, पलंगाखाली वाकून बघितलं, आणि जाताना म्हणाली, "नोकरी गेली की मी पहिल्या गाडीनं येते. तुला न्यायला नाही, तिला न्यायला."

लिडानं आपला दात घासायचा ब्रश त्याच्या ब्रशाशेजारी पेल्यात ठेवला. एमिल तो पेला किती वेळ बघत राहिला.

आणि मग ती दुपार. आठवडाभर लिडाला ताप होता. त्याची झोप नाही, जेवण नाही. त्या दिवशी ताप उतरला, पण घरी कोण बघणार? तिला शाल गुंडाळून त्यानं मुलांमध्ये बसवलं. घाईत माझा दोरा उसवलाय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मला कळत होतं. पण मी कुणाला सांगणार?

लिडाला हसवायला म्हणून तो जीव तोडून खेळला. किटली काढली, घड्याळ काढलं, माळ काढली. मुलं खिदळायला लागली, खिदळणं वाढतच गेलं. अगदी जुन्या थिएटरासारखा हशा. दमलेल्या माणसाचा हात आपणहून गेला. थाप बसली. डोळे मिटले.

मी पडले.

दिवे गेले नाहीत. तिथे ओटो नव्हता. एमिल मात्र लांब चड्डीवर, गालात हसत, डोळे मिटून काळोखाची वाट बघत उभा. मी पावलांशी गोळा. कॅमेरा चालू, आणि गावातलं घरन् घर बघतंय.

मुलं एकदम गप्प झाली.

"पॉकेटकाका उभ्यानं झोपले," एक पोरगी म्हणाली.

मग शालीतून दोन गरम हात आले. लिडानं मला वर ओढलं, कमरेशी गच्च धरून ठेवलं आणि बापाला हळूच म्हणाली, "ताता, दिवे चालूच आहेत."

त्यानं डोळे उघडले. असा चेहरा मी त्याचा विल्मा गेली तेव्हाच पाहिला होता.

क्रँडलसाहेबांनी दार लावून घेतलं. "गावातल्या सगळ्या आयांचे फोन येऊन गेले. त्यात माझी आईसुद्धा! ही कुठल्या थिएटरातली रीत आहे हे लोकांना कळत नाही होय? दूधवाले म्हणतात, याला काढा."

एमिलनं दाराकडे बघितलं. बाहेर लिडा बसली होती, कुठे? माझ्या पेटीवर.

"मी त्यांना म्हटलं, माणूस राहू दे, विजार जाऊ दे," साहेब म्हणाले. "रेल्वेच्या गार्डाचे कपडे शिवून देतो. पट्टा आवळलेला."

"खिसे?"

"असतील छोटे. शिट्टी ठेवण्यापुरते."

एमिलनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. "चालेल," म्हणाला.

मला राग आला नाही. ब्रशाचा पेला मीही पाहिला होता.

मग बरीच वर्षं तो गार्ड होऊन शिट्टी वाजवत राहिला. मुलांनी प्रेम केलं, पण पोट धरून हसली नाहीत. मी पलंगाखाली. रोज संध्याकाळी वरच्या फळ्या करकरायच्या आणि तो लांब श्वास सोडायचा. मग लिडाची हाक यायची, "ताता, सूप निवतंय." रोज यायची. बोझेनाला कधी गाडी पकडावी लागली नाही.

कार्यक्रम कायमचा संपला त्या दिवशी लिडानं, आता मोठी बाई झालेल्या लिडानं, मला बाहेर ओढलं. "घाल, ताता. बघू दे."

"मावणार नाही."

"ही? हिच्यात शेजारीपण मावतील!"

त्यानं मला घातलं. गुडघे दुखत होते तरी सगळा खेळ केला. लिडा भिंतीशी, बोट दिव्याच्या बटणावर. थाप बसली. मी पडले. तो डोळे मिटून उभा.

"लिडा, दिवा!"

"थांब, ताता!" तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येत होतं. "नीट बघू दे. त्या दिवशी बघितलंच नव्हतं मी. तुला धरून उभी होते ना."

पोटभर हसून झाल्यावर तिनं बटण दाबलं. काळोखात तोही हसला. तो आवाज अजून माझ्या खिशात आहे.

एमिल गेला. लिडाचे केस पिकले. मी तिच्या माळ्यावर आहे. इथे काळोख पुष्कळ आहे, पण हशाशिवाय आलेला. तसा काळोख माझ्या अंगाला लागत नाही. फार थकलेय मी.

एकच मागते. कुणीतरी या, झाकण उघडा, माझे खिसे बघून एकदा हसा. मग खुशाल लावून टाका. मी डोळे मिटूनच आहे.