सुवार्ताच्या मुठीचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला. आधीच सांगून ठेवतो, मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे. मी जन्मलो बिस्किटांसाठी. झाकणावर काजूची, चॉकलेटची, जॅमचा ठिपका लावलेली अशी नाना तऱ्हेची बिस्किटं छापलेली होती. पोटात भरली ती मात्र सगळी साधी, एकाच जातीची. आयुष्याची सुरुवातच अशी खोट्याने झाल्यावर माझा स्वभाव दुसरा कसा होणार?

एका दिवाळीला महाडकडच्या एका कारखान्याने कामगारांना माझ्यासारखे डबे वाटले. मला शांतवन घरी घेऊन आला. तो तिथे बॉयलरवर होता. मूळचा राहुरीकडचा, पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती घरातला. बिरवाडीत येसूबाईंच्या घराला लागून असलेल्या त्यांच्याच दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या होत्या. घरात तो आणि त्याची बायको सुवार्ता, दोघंच. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूलबाळ नव्हतं.

बिस्किटं संपल्यावर सुवार्ताने मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि गॅसशेजारच्या फळीवर ठेवलं. भाताला तांदूळ मापून घेतले की त्यातलीच एक मूठ ती परत काढायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि मूठ माझ्यात टाकायची. मी म्हटलं, झालं, नवऱ्याची नजर चुकवून साठवतेय. पण नवरा तर समोरच बसलेला असायचा, आणि तोही डोळे मिटायचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती मला पिशवीत घालून महाडला न्यायची. तिथे एका भाड्याच्या हॉलमध्ये मोजकी ख्रिस्ती कुटुंबं उपासनेला जमत. बायका आपापले मुठीचे डबे एका मोठ्या पातेल्यात रिकामे करत, आणि ज्या घरावर त्या महिन्यात काही बेतलं असेल त्या घरी ते तांदूळ जात. मग मी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांवर संशय घेतला. एवढे तांदूळ हा माणूस सोडेल कशाला? पण एकदा ते पोचवायला सुवार्ताच दासगावला गेली. नवरा गेलेल्या एका बाईच्या पदरात तिने ते ओतले, मी काखेतच होतो. तोही संशय सोडावा लागला. उरला तिचा देव. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरचा संशय काही गेला नाही.

पुराच्या साली पाणी खोलीत शिरलं. मी तरंगत जाऊन चौकटीवर आपटलो, तेव्हाच हा कोपरा चेपला. गाळ उपसून झाल्यावर मदतीचे तांदूळ घरात आले, तर हिने त्यातूनही मूठ काढली. मला ते शुद्ध वेडेपण वाटलं. ज्यांच्यावर बेतलं ती माणसं हीच होती ना?

पुढे शांतवनची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागे. काम सुटलं, माणूस सुकत गेला. सुवार्ता शिवणकाम करू लागली. भाताचं माप लहान झालं, मूठ मात्र तेवढीच राहिली. मी रोज वाट बघायचो, आज चुकेल, उद्या चुकेल.

येसूबाईंची सून सारिका तेव्हा पोटुशी होती. तिचा नवरा किशोर मुंबईला, म्हणून ती दुपारी सुवार्ताच्या मशीनपाशी येऊन बसायची. पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं. येसूबाई पोलादपूरकडच्या एका भगताकडे जाऊन आल्या. त्याने विचारलं, "शेजारी कोण तांदूळ राखून ठेवतं का?" येसूबाईंच्या डोळ्यांसमोर मीच उभा राहिलो. मूल नसलेली बाई, मिटलेले डोळे, पुटपुटणं, तांदळाची मूठ. त्यांनी हिशेब लावून टाकला. संशयात मी मुरलेला, पण हे मलाही सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दारात उभ्या राहिल्या. मागे सारिका होती.

"सुवार्ता, तो डबा नदीत टाकून ये. नायतर खोली खाली कर."

"काय झालं, मावशी?"

"मला इचारतेस? माझ्या सुनेची कूस रिकामी झाली, नि तू रोज तांदूळ मंतरून ठेवतेस. मला काय दिसत नाय?"

कॉटवरून शांतवन म्हणाला, "टाक गं. डब्यात का देव बसलाय? मला घेऊन आता कुठे खोल्या शोधत फिरशील?"

त्याचं म्हणणं मला पटलं. मला टाकलं असतं तर छप्पर राहिलं असतं. सुवार्ताने फळीवर माझ्याकडे पाहिलं.

"डब्यात देव नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आज डबा टाकला, की मी चेटूक करत होते असंच ठरेल. प्रार्थना होती ती. तिला चेटूक म्हणून मी नदीत सोडणार नाही."

मग तिने मला खाली घेतलं आणि माझ्यातले सगळे तांदूळ पातेल्यात ओतले. मी हबकलो. मुठीच्या तांदळाला घरच्या कुणी हात लावायचा नाही, हा तिचाच नियम होता. तिने तांदूळ धुतले, गॅसवर चढवले आणि दारात जाऊन म्हणाली, "मावशी, हे तांदूळ दुःखातल्या घरासाठी असतात. या महिन्यात ते घर तुमचं आहे. मंतरलेले असतील तर आधी मी खाते."

भात होईपर्यंत येसूबाई उंबऱ्यापाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सुवार्ताने ताटात भात घेतला, वर मीठ घातलं आणि सगळ्यांच्या देखत घास खाल्ला. तेवढ्यात सारिका आत आली आणि ताटासमोर बसली.

"सारिका, उठ गो," येसूबाई म्हणाल्या.

"खाऊ दे मला. अस्पतळातून आल्यापासून माझ्यापाशी कोण बसला नाय. सगळी नुसती कुणी काय केला ताच शोधतायत."

ती खाता खाता रडली. सुवार्ताही रडली. येसूबाईंनी भाताला हात लावला नाही. पण खोली खाली करायचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

तुम्हाला वाटेल, एवढी श्रद्धा ठेवल्यावर शांतवन बरा झाला असेल. नाही झाला. पुढच्या उन्हाळ्यात, ईस्टरला आठवडा उरला असताना, तो गेला. पाळकसाहेब आले, गीतं झाली, माणसं पांगली. शेजारून ताटं येत होती, ती तशीच परत जात होती. घरात भात शिजेना. मी रिकामा पडून होतो आणि मनाशी म्हणत होतो, मी आधीच ओळखलं होतं. आता माझ्यात बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवतील.

मग एका सकाळी तिने गॅस पेटवला. एकटीपुरते तांदूळ घेतले. ते इतके थोडे होते की त्यातून मूठ काढली तर मागे फारसं उरणार नव्हतं. हात मापावरच थांबला. मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं, नको काढूस बाई, तूच खा.

तिने मूठ काढली. या खेपेला डोळे मिटले नाहीत. वर बघितलं, आणि भांडणात बोलतात तसं बोलली, "घे. हेही घे."

आणि मूठ माझ्यात टाकली.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. आभार नाहीत, गोड शब्द नाहीत. कधी म्हणते, "का?" कधी नुसती बघते. मूठ चुकत नाही. मी आता गंजू लागलोय, झाकण नीट बसत नाही. तुम्ही कधी त्या घरी गेलात आणि माझ्यात तांदूळ दिसले, तर मनाने काही ठरवू नका, तिलाच विचारा. तिच्या देवाबद्दल मला विचाराल, तर मी त्याला अजूनही पाहिलेलं नाही. पण ही बाई रोज सकाळी त्याच्याशी भांडते, आणि भांडून झालं की त्याला जेवायला वाढते. घरात कुणी नसतं, तर तिने एवढं वाढलं असतं का?